राखणीचा कुत्रा : चिडवून शिकवावा कीं वाघरींत वाढवावा ?

गेल्या कांहीं वर्षांत आपल्या सातारा व सांगली जिल्ह्यांतील पुष्कळ शेतकरी गांवठाण सोडून मळ्यांत राहावयास गेले. विहिरीवरील मोटार, केबल, ठिबकाच्या नळ्या, गोठ्यांतील दुभतीं जनावरें हें सर्व आतां उघड्या रानांत असतें, आणि त्याची राखण करण्यास माणूस मिळत नाहीं. त्यामुळें चांगल्या कुत्र्याची गरज पूर्वींपेक्षां अधिक भासूं लागली आहे. याच सुमारास कुत्रे शिकविणारे लोक शहरांतून मळ्यांत येऊं लागले. कुत्र्यास परक्या माणसाच्या अंगावर जावयास शिकवून देऊं, असें ते सांगतात आणि त्याबद्दल चांगले पैसे घेतात. ही विद्या खरी आहे काय, व खरी असल्यास ती शेतकऱ्याच्या कामाची आहे काय, हा प्रश्न शेतकरी बंधूंपुढें मांडावा असा या लेखाचा हेतु आहे. मीं स्वतः या विद्येपायीं ठेंच खाल्ली आहे, तेव्हां माझें मत अगदीं निःपक्षपाती आहे असें म्हणवत नाहीं. तथापि दोन्ही बाजू शक्य तितक्या सरळपणें सांगण्याचा यत्न करितों.

या विद्येचें मूळ जर्मनींत आहे. तेथें १८९९ सालीं माक्स फॉन स्टेफानित्स या घोडदळांतील अधिकाऱ्यानें मेंढपाळांच्या कुत्र्यांची एक संस्था स्थापिली. आपण ज्यास अल्सेशियन किंवा जर्मन शेफर्ड म्हणतों तो हाच कुत्रा. त्याचें मूळचें काम मेंढरें वळविण्याचें. पुढें तें काम कमी होत गेलें, आणि कुत्र्याची बुद्धि व हिंमत टिकावी म्हणून पोलिसी कामाच्या धर्तीवर परीक्षा ठरविण्यांत आल्या. त्यांत माग काढणें, आज्ञा पाळणें आणि रक्षण करणें असे तीन विषय असत. या परीक्षेस त्या देशांत शुत्सहुंड, म्हणजे रक्षक कुत्रा, असें नांव पडलें. आपल्याकडे येणारे शिक्षक यांतील फक्त तिसरा विषय उचलतात, आणि त्यांतलाही अर्धाच.

हा तिसरा विषय शिकवितांना मदतनीस आपल्या हातावर तागाच्या जाड विणीची बाही चढवितो, दुसऱ्या हातांत चाबूक घेतो, आणि मालकानें दोरीनें धरलेल्या कुत्र्यास डिवचतो. कुत्रा बाहीस धरतो. मदतनीस बाही सोडून देतो, आणि कुत्रा ती तोंडांत घेऊन जिंकल्याच्या आनंदांत मिरवितो. पाहणाऱ्यास हा सारा प्रकार केवळ चिडविण्याचा वाटेल. परंतु जाणत्या शिक्षकांत येथेंच मोठा वाद आहे. एक पक्ष म्हणतो, कुत्र्यास भक्ष्याच्या ओढीनें शिकवावें. पळत्या चिंधीमागें पिलूं धांवतें तीच ही ओढ. तिनें शिकलेला कुत्रा भीत नाहीं, त्याचें डोकें शांत राहतें, आणि सोड म्हटल्यावर तो सोडतो. दुसरा पक्ष विचारतो कीं, अशा कुत्र्याचें लक्ष बाहीवर असतें, माणसावर नसतें. मग बाही नसलेला चोर आला म्हणजे तो काय करील? म्हणून मदतनिसानें डोळ्यास डोळा भिडवून, अंगावर चालून येऊन कुत्र्यास धोका भासवावा आणि त्याची बचावाची वृत्ति जागी करावी. यावर पहिल्याचें उत्तर असें कीं, बचावासाठीं चावणारा भिऊन चावतो, आणि भ्यालेल्यास आपला कोण व परका कोण हें उमगत नाहीं. हा वाद अद्याप मिटलेला नाहीं. मात्र दोन गोष्टी दोघांसही मान्य आहेत. कुत्रा अंगानें व मनानें पुरता वाढल्याखेरीज त्यास धोका दाखवूं नये, आणि ‘धर’ जितकें पक्कें तितकेंच ‘सोड’ पक्कें झालें पाहिजे.

आणखी एक गोष्ट आपल्याकडे फार थोड्यांस ठाऊक आहे. या परीक्षेंत मदतनीस एका आडोशामागें निश्चल उभा राहतो. कुत्र्यानें त्यास हुडकून काढावयाचें आणि समोर उभें राहून सारखें भुंकत राहावयाचें असतें, शिवावयाचें नसतें. स्वस्थ उभ्या माणसास चावा घेतल्यास गुण कापले जातात. म्हणजे ज्या विद्येस आपण चावण्याची विद्या समजतों, तिच्यांतील रक्षणाचा पहिला धडा न चावण्याचा आहे. आपल्या मळ्यांत येणारा शिक्षक बाही आणतो. आडोसा कोणी आणीत नाहीं.

मीं शिकविलेला कुत्रा याच जातीचा व दहा महिन्यांचा होता. कऱ्हाड तालुक्यांतील माझ्या मळ्यांत शिक्षक आठवड्यांतून दोनदां येई. दोन महिन्यांत कुत्रा बाहीवर असा तुटून पडूं लागला कीं, शेजारचे लोक पाहावयास जमत, आणि मलाही त्याचा अभिमान वाटे. ‘सोड’ हा शब्द पुढल्या हप्त्यांत शिकवावयाचा असें ठरलें होतें. मार्गशीर्षांत शेजारच्या फडांत ऊसतोडीची टोळी उतरली. एके दिवशीं पहांटे थंडीमुळें गोणपाट हाताखांद्याभोंवतीं लपेटून टोळींतील आठ वर्षांची मुलगी आमच्या हौदावर पाणी न्यावयास आली. कुत्र्यानें गोणपाट पाहिलें. त्यास ती बाहीच वाटली असावी. कारण तो भुंकला नाहीं कीं गुरगुरला नाहीं. खेळास धांवावें तसा धांवला आणि त्यानें तिचा हात धरला. आम्हां दोघांस मिळून त्याचा जबडा फांकवावा लागला. तिला लगेच सरकारी दवाखान्यांत नेलें, उपचार वेळेवर झाले. पण हंगाम संपून टोळी परत जाईपर्यंत तिचीं दोन बोटें पुरतीं मिटत नव्हतीं. खर्च मीं दिला. तिच्या बापानें तक्रार केली नाहीं; केली असती तर मजजवळ उत्तर नव्हतें.

यांत शिक्षकाचा दोष थोडा व माझा अधिक. कुत्र्याचा मुळींच नाहीं. त्यास जें शिकविलें तेंच त्यानें केलें. दहा महिन्यांच्या पोरवयाच्या कुत्र्यास धोका दाखवूं दिला, ‘सोड’ मागें ठेवूं दिलें, आणि ज्या मळ्यांतून दिवसांतून वीस माणसें जातात तेथें बाही आणूं दिली, या तिन्ही गोष्टी माझ्या संमतीनें झाल्या. पोलीस खात्यांत कुत्र्यास स्वतंत्र हवालदार असतो, सराव रोजचा असतो, आणि काम संपतांच कुत्रा बंदिस्त जागेंत जातो. शेतकऱ्यास यांतील कांहींच साधणारें नाहीं. त्या दिवसापासून तो कुत्रा साखळीवर ठेवावा लागला. त्याचें पुढें काय झालें तें खालीं येईलच.

यानंतर मला एक जुनी गोष्ट आठवली. महसूल खात्यांत असतांना टंचाईच्या कामानिमित्त, विशेषतः २०१२-१३ च्या दुष्काळांत, माण, आटपाडी व जत या तालुक्यांत मला पुष्कळ फिरावें लागलें. सायंकाळीं रस्त्याकडेच्या रानांत धनगरांचे वाडे उतरलेले दिसत. मेंढरें वाघरींत कोंडलेलीं, कोकरें डालग्याखालीं, आणि बाहेर एक-दोन कुत्रे पडलेले. मी जवळ गेलों म्हणजे कुत्रा उठून वाघरीच्या व माझ्या मध्यें येऊन उभा राही आणि भुंके, पण अंगावर येत नसे. मीं पाऊल पुढें टाकलें तर तोही एक पाऊल पुढें येई; मी थांबलों तर थांबे. धनगरानें हांक दिली कीं आवाज बंद. स्वस्थ उभ्या माणसापुढें भुंकणें हा जो जर्मन परीक्षेंतील धडा, तोच हा, आणि या कुत्र्यास कोणी बाही दाखविली नव्हती. हा कसा शिकविला, असें मीं जत तालुक्यांतील एका म्हाताऱ्या धनगरास विचारलें. माडग्याळी मेंढरांचा मोठा कळप त्याच्याजवळ होता. तो हंसला व म्हणाला, शिकवला न्हाई, मेंढरांत ठेवला. तेव्हां मला तें उत्तर टाळाटाळीचें वाटलें होतें.

पुढें वाचनांत आलें तेव्हां कळलें कीं, तें अगदीं शास्त्रशुद्ध उत्तर होतें. चार्ल्स डार्विन हा प्रसिद्ध शास्त्रज्ञ १८३३ सालीं दक्षिण अमेरिकेंतील उरुग्वे प्रांतांत फिरत असतां त्यास माणसांच्या वस्तीपासून कांहीं मैल दूर, एक-दोन कुत्र्यांच्याच राखणींत चरणारे कळप दिसले. तेथील पद्धति अशी होती कीं, पिलूं अगदीं लहानपणीं आईपासून तोडून मेंढरांच्या कोंडवाड्यांत लोकरीच्या बिछान्यावर ठेवीत, दिवसांतून तीन-चार वेळां मेंढीस पाजीत, आणि इतर कुत्र्यांशीं किंवा घरच्या मुलांशीं त्यास मिसळूं देत नसत. असा कुत्रा मांसाचा तुकडा नेण्यास घराजवळ आला म्हणजे घरचे कुत्रे त्यास हुसकून लावीत व तो शेपूट घालून पळे. पण कळपाशीं पोंचतांच तोच मागें वळून भुंके आणि पाठलाग करणारेच पळ काढीत. कळपापाशीं त्याचें बळ, एरवीं नाहीं.

याचें कारण अमेरिकेंतील संशोधकांनीं पुढें शोधून काढलें. १९६१ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत कांहीं पिलें चौदा आठवड्यांचीं होईपर्यंत माणसापासून दूर वाढविलीं. तीं पुढें माणसास कायमचीं बिचकूं लागलीं. सुमारें तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत पिलूं ज्याच्या सहवासांत राहील त्यास तें आपलें मानतें. नंतर ती खिडकी मिटते. याच आधारावर रेमंड कॉपिंजर व लोर्ना कॉपिंजर या दांपत्यानें १९७० नंतरच्या दशकांत मॅसॅच्युसेट्स राज्यांतील हॅम्पशायर कॉलेजांतून युरोप व तुर्कस्थानांतील मेंढपाळी जातींचीं पिलें आणवून तेथील शेतकऱ्यांस दिलीं. राखणीच्या कुत्र्याची त्यांनीं सांगितलेलीं लक्षणें तीन : कळपास इजा न करणें, कळपाचें अवधान न सोडणें, आणि रक्षण करणें. पहिलीं दोन पक्कीं झालीं म्हणजे तिसरें बहुधा आपोआप येतें, हें त्यांचें म्हणणें मला सर्वांत महत्त्वाचें वाटतें. लांडगा असो वा भुरटा चोर असो, अनपेक्षित असें कांहींतरी मध्यें येऊन भुंकूं लागलें कीं त्याचा बेत मोडतो. त्यासाठीं चाव्याची गरज क्वचितच पडते.

पिलूं माणसांत वाढवावें कीं नाहीं ?

येथें दुसरा वाद उभा राहतो, आणि बाहीच्या वादापेक्षां तो आपल्या अधिक जवळचा आहे. उरुग्वेच्या पद्धतीचे कडवे अनुयायी म्हणतात, पिलास माणूस लावूंच नये. त्यास कुरवाळलें कीं तें घराच्या उंबऱ्याशीं येऊन बसतें आणि गुरें उघडीं पडतात. हें खोटें नाहीं. लाडावलेले कुत्रे गोठा सोडून स्वयंपाकघराच्या दारांत पडलेले आपण रोज पाहतों.

तरीही ही पद्धति जशीच्या तशी उचलणें मला मान्य नाहीं. उरुग्वेच्या कुरणांत दिवसभर माणूस दिसत नसे. आपल्या कृष्णाकांठीं मात्र एकराच्या तुकड्यास चार बांध व दोन पाणंदी असतात. दूधवाला, वायरमन, शाळेस जाणारीं पोरें, तोडकरी, वाटेकरी यांचा राबता अखंड असतो. माणसास अनोळखी राहिलेला कुत्रा येथें बिचकेल, आणि बिचकणारा कुत्रा केव्हांतरी चावेल. म्हणून पिलाची जागा गोठ्यांतच असावी, पण चौदा आठवड्यांच्या आंत त्यानें लहान-मोठीं, स्त्री-पुरुष, टोपीवालीं, डोक्यावर भारा घेतलेलीं, गोणपाट पांघरलेलीं अशीं शंभर माणसें पाहिलेलीं असावींत. त्यांनीं त्यास कुरवाळूं नये, खाऊं घालूं नये. नुसतें जवळून जावें. धनगराचें पिलूं अशींच माणसें पाहत वाढतें, कारण वाडा रोज नव्या गांवच्या शिवारांत उतरतो. म्हणूनच धनगरी रीत आपल्यास उरुग्वेपेक्षां अधिक जुळणारी आहे.

प्रत्यक्ष कृति अशी. पिलूं सात-आठ आठवड्यांचें असतांना आणावें. त्याची आई राखणीचें काम करणारी असावी. बापाचा रंग व कानाचा डौल पाहण्यांत अर्थ नाहीं. गोठ्याच्या एका कोपऱ्यांत जाळी लावून त्यास वासरांचा अगर करडांचा वास व स्पर्श मिळेल असें ठेवावें. भाकरी-ताक, पुढें अंडें वा मांसाचा तुकडा, तेथेंच व ठराविक भांड्यांतच द्यावा. जमिनीवर पडलेलें किंवा परक्यानें फेंकलेलें उचलूं लागल्यास त्याच क्षणीं रोखावें. मांसांतून विष घालून कुत्रा मारणें ही चोरांची जुनी युक्ति आहे, आणि ही संवय तिच्यावर पूर्ण उतारा नसली तरी उपयोगी पडते. चौथ्या महिन्यापासून वर्षापर्यंतचा काळ कसोटीचा. या वयांत पिलूं खेळतां खेळतां करडाचा कान धरतें, कोंबडीमागें लागतें. पुष्कळ लोक येथें काठी उचलतात. मीं उचललेली नाहीं. ओढाळ जनावराच्या गळ्यांत आपण लोढणें घालतों तसें हलकें लांकूड दिवसा पिलाच्या गळ्यांत अडकवावें. पाय अडखळल्यामुळें पाठलाग साधत नाहीं, आणि न साधणारा खेळ तें चार-सहा आठवड्यांत सोडून देतें. रोज सायंकाळीं दोरी धरून त्यास बांधाबांधानें एक फेरी घालावी. हीच त्याची हद्दमोजणी. परका माणूस दिसतांच तें भुंकलें तर शाबासकी द्यावी, आणि मालकानें येऊन माणूस पाहिला कीं ‘बस्स’ म्हणून थांबवावें. हा थांबण्याचा शब्द न चुकतां रोज वापरला पाहिजे. दीड-दोन वर्षांच्या आंत कुत्र्याकडून पुऱ्या राखणीची अपेक्षा करूं नये. मिरची चारून वा अंधाऱ्या खोलींत कोंडून कुत्रा तिखट होतो ही समजूत अद्याप कांहीं घरांत आहे. त्यानें कुत्रा भित्रा होतो, दुसरें कांहीं होत नाहीं.

जातीविषयीं एकच सांगतों. जत व अथणीकडे मुधोळ जातीचें वेड मोठें आहे. मुधोळ संस्थानचे राजे मालोजीराव घोरपडे यांनीं जोपासलेली ही जात खरोखर देखणी, आणि २००५ सालीं भारतीय डाकखात्यानें तिचें तिकीटही काढलें. पण ती नजरेनें सावज टिपून धांवणारी आहे. ससा उठला कीं ती शिवार ओलांडून जाते, आणि ससा मारणें १९७२ च्या वन्यजीव कायद्यानें गुन्हा आहे. गोठा धरून बसण्यास धनगराकडील साधा गांवठी कुत्राच बरा.

बिबट्याचा प्रश्न

शिराळा, पाटण, कऱ्हाड व वाळवा या भागांत उसाच्या फडांत बिबट्याचा वावर आहे. येथें लांडग्याचे नियम लागू पडत नाहींत, हें स्पष्ट सांगितलें पाहिजे. आफ्रिकेंतील नामिबिया देशांत चित्त्यापासून शेळ्या-मेंढ्या राखण्यासाठीं तेथील चित्तासंवर्धन संस्था १९९४ पासून शेतकऱ्यांस तुर्की जातीचे मोठे कुत्रे देत आली, आणि त्यांचा उपयोग चांगला झाला. पण चित्ता भांडण टाळणारा प्राणी आहे. बिबट्यास कुत्रा हें भक्ष्यच आहे. अहिल्यानगर जिल्ह्यांतील अकोले तालुक्यांत विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनीं बिबट्याच्या विष्ठेची तपासणी केली, तेव्हां त्याच्या आहारांत वजनाच्या मानानें ३९ टक्के वाटा एकट्या कुत्र्यांचा आढळला. दावणीची गाय किंवा शेळी त्याहून मागें होती.

म्हणून रात्रीं साखळीनें अंगणांत बांधलेला कुत्रा हा राखणदार नव्हे, आमिष होय. माझा जो शिकविलेला कुत्रा साखळीवर ठेवावा लागला होता, तो दुसऱ्या वर्षीं पौषांत एका रात्रीं गेला. सकाळीं खुंट्यास साखळी व तुटलेला पट्टा तेवढा होता. त्यास मोकळा ठेवला असता तर निदान पळतां आलें असतें. परंतु मोकळा ठेवण्यासारखा तो मींच ठेवला नव्हता.

बिबट्याच्या भागांत कुत्र्यास रात्रीं गोठ्याच्या आंत, जाळीच्या दाराआड मोकळा ठेवावा. त्याचें काम भुंकून जागें करण्याचें, झुंजण्याचें नव्हे. हिमाचलांतील गद्दी मेंढपाळ आपल्या कुत्र्यांच्या गळ्यांत खिळे असलेला लोखंडी पट्टा घालतात, कारण बिबट्या नरडें धरतो. आपल्याकडील कोणाही लोहाराकडून तसा पट्टा करून घेतां येईल. मात्र आंतील बाजूस जाड चामडें हवें, नाहींतर मान सोलते.

कायद्याचें थोडक्यांत. पाळलेल्या जनावरापासून माणसास इजा होऊं नये अशी पुरेशी खबरदारी न घेणें हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खालीं गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पांच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. कुत्र्यास विनाकारण आंखूड साखळीवर सदैव जखडून ठेवणें हाही १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याखालीं गुन्हा होतो. तिसऱ्या महिन्यांत पिसाळरोगाची लस टोंचून घ्यावी व पुढें दरसाल न चुकतां द्यावी. कोणासही दांत लागला तर जखम वाहत्या पाण्यानें व साबणानें पंधरा मिनिटें धुवून त्याच दिवशीं दवाखाना गांठावा; हळद, चुना, तिखट यांत वेळ घालवूं नये.

सध्यां माझ्या गोठ्यांत जी कुत्री आहे ती धनगराच्या वाड्यावरून आणलेली आहे. तिला तिसरें वर्ष चालू आहे. रात्रीं ती दोनदां-तीनदां भुंकते. मी विजेरी घेऊन उठतों, बहुतेक वेळां कोल्हा किंवा पाणी धरावयास निघालेला शेजारी असतो. झोंपमोड होते, ही या पद्धतीची खरी किंमत आहे. ज्यांस तिच्यासारखें पिलूं हवें असेल त्यांनीं उन्हाळ्यांत खतासाठीं शेतांत मेंढरें बसविण्याचा ठराव करतेवेळींच धनगराशीं बोलून ठेवावें, व वाडा आपल्या रानांत असेल तेवढ्या रात्रीं पिलाची आई कशी वागते तें स्वतः बसून पाहावें. पिलाचे पैसे तो बहुधा मागत नाहीं. पोतें-अर्धें पोतें ज्वारी द्यावी.